फौजी घरातल्या बायकांनी एकत्र यायचं कसं?

कोरेगावची सून
लग्नाला दीड वर्ष झालं. मिस्टर आर्मीत, सध्या फिल्डला, म्हणजे घरच्यांना सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. कधी कधी आठ-नऊ दिवस फोन नसतो. परवा टीव्हीवर चकमकीची बातमी लागली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, जेवणाचं ताट सारलं आणि रात्रभर फोन उशाशी घेऊन बसल्या. मला पाचवा महिना आहे. त्यांच्यासमोर रडताही येत नाही. छावणीत राहणाऱ्या बायकांना 'आवा' ही फौजींच्या बायकांची संघटना आहे, एकमेकींचे क्वार्टर आहेत. गावात राहणाऱ्या आम्ही कुणाकडं जायचं?

अपशिंगेकर काकू
पोरी, आमच्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले. आजही घरोघरी फौजी आहेत, त्यामुळं इथं शेजारणीला काही सांगावं लागत नाही. १९९९ ला हे कारगिलला होते. पत्रावर पत्ता नुसता ५६ एपीओ, म्हणजे फौजी टपालाचा नंबर. माणूस कुठल्या डोंगरावर आहे, कुणाला ठाऊक! एकाच पलटणीतल्या आम्ही चौघी. एकीला आंतरदेशीय आलं की बाकीच्या तिच्या ओट्यावर. 'सगळे ठीक आहेत' एवढी ओळ वाचली की त्या दिवशी चार घरांत भाकरी गोड लागायची. तू आत्यांपासून लपून रडू नकोस गं. त्यांचंही लेकरू आहे ते.

माजी सुभेदार, खटाव
लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघाली का, हे पतीला विचारून घ्या. बाळ झालं की त्याचीही लगेच काढायला सांगा, पुढचे सगळे कागद त्यावर अडतात. साताऱ्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फक्त पेन्शनरांसाठी नाही. जवान सीमेवर असताना भावकीनं बांध कोरला, तरी घरच्यांना तिथं अर्ज देता येतो. ग्रुप काढलात तर युनिट, ठिकाण, सुट्टीची तारीख यातलं काहीही त्यात टाकू नका.

तासगावहून
ताई, आम्ही सात जणी आहोत. बातमी वाईट असली की टीव्ही बंद करायचा आणि एकीच्या घरी जमायचं, एवढंच ठरलंय. बाळंतपणाला गाडी कुणाची आणि सोबत कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवतो. माझ्या वेळी रात्री दोनला शेजारच्या गावातली मैत्रीण दिराची जीप घेऊन आली होती. दिवस भरत आले की मला नक्की कळवा.

कोरेगावची सून
आत्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी बसल्या जागी आसपासच्या वाड्यांतली अकरा फौजी घरं मोजली. रविवारी दोघी मिळून पहिल्या दोन घरी जाणार आहोत.