लीड्सच्या घरातील इलेक्ट्रिक शॉवर : वायर कोणती आणि दुरुस्ती कोणाची?

मेधा (लीड्स) : सर्वांना नमस्कार. येथील भाड्याच्या घरातील शॉवरविषयी मला सर्वांचा, विशेषतः आशिषदादा आणि गौरीवहिनी यांचा सल्ला हवा आहे. छतावरून लोंबणारी दोरी ओढून शॉवरला वीज द्यायची असते. त्या दोरीच्या स्विचचे पांढरे झाकण एका कडेला तपकिरी झाले आहे आणि शॉवर चालू असताना तेथून जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. ब्रेकर मात्र एकदाही पडलेला नाही. एजंटला फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले की, भाडेकरारातील एका कलमानुसार शॉवरची देखभाल भाडेकरूने करायची आहे. तरीही मदत म्हणून घरमालक आपल्या ओळखीचा कामगार पाठवतील, तो जुना ८.५ किलोवॉटचा शॉवर काढून १०.५ किलोवॉटचा बसवील आणि त्याचे पैसे मी द्यावेत. पाणी अधिक गरम येईल, असेही ते म्हणाले. मी होकार द्यावा का?

सुहासकाका (नाशिक) : मेधा, होकार-नकार नंतर ठरव. आधी फ्यूज बोर्डातील शॉवरचा ब्रेकर खाली कर आणि त्या दोरीला हात लावू नकोस. आपल्याकडचा १५ लिटरचा गीझर २ किलोवॉटचा असतो आणि तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, १०.५ किलोवॉट म्हणजे असे पाच गीझर एकाच वायरवर लावल्यासारखे आहे. ती वायर कोणी पाहिली आहे का? दुसरे असे की, आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार भाडेकरूने १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वजा करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तिकडे तशी सोय असेल तर चांगला माणूस बोलावून काम उरकून घे. आशिष जवळच असतो, तो येत्या शनिवारी जाऊन बदलून देऊ शकणार नाही का?

आशिष (मँचेस्टर) : काका, ब्रेकर खाली करण्याचा तुमचा सल्ला अगदी बरोबर आहे. मेधा, तो तू आत्ताच पाळ. स्विच बदलायला मी स्वतः येणार नाही, आणि त्याचे कारण वेळ नाही हे नव्हे. घर दुसऱ्याचे आहे, मी येथील नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन नाही, आणि उद्या तेथे आग लागली तर त्या स्विचला शेवटचा हात कोणाचा लागला हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल.

तू लिहिलेल्या लक्षणांवरून स्विचमधील वायरचा स्क्रू सैल झाला असण्याची शक्यता मोठी आहे. सैल जोडातून ३५ अँपिअर प्रवाह गेला की तो जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो आणि प्लॅस्टिक करपू लागते. ब्रेकर पडला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असा अर्थ कृपया काढू नये. एमसीबी, म्हणजे नेहमीचा ब्रेकर, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला तर पडते आणि आरसीडी हा दुसऱ्या प्रकारचा संरक्षक स्विच विजेची गळती झाली तर पडतो. सैल जोडात या दोन्ही गोष्टी घडत नाहीत, म्हणून त्यांच्या दृष्टीने सर्व सुरळीत असते. अशा वेळी वास आणि डाग हीच खरी सूचना असते.

आता नव्या शॉवरविषयी. ८.५ किलोवॉटचा शॉवर २४० व्होल्टला साधारण ३५.४ अँपिअर ओढतो आणि १०.५ किलोवॉटचा ४३.८ अँपिअर. जुन्या शॉवरसाठी येथील घरांमध्ये बहुधा ६ चौरस मिलिमीटरची केबल आणि ४० अँपिअरचा ब्रेकर आढळतो. तुझ्याकडेही तसेच असेल आणि त्या कामगाराने नुसता शॉवर बदलला, तर ब्रेकर आपले रक्षण करील असे मानणे धोक्याचे आहे, कारण ४० अँपिअरची एमसीबी तिच्या क्षमतेच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर प्रवाह तासभर गेला तरी न पडावी, अशीच घडवलेली असते. ४३.८ अँपिअर त्या मर्यादेच्या आतच राहतो.

ती केबल हा प्रवाह पेलेल की नाही, हे केवळ तिच्या जाडीवरून ठरत नाही, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे नेहमी वापरतात ती सपाट केबल भिंतीवर मोकळी बसवली असेल, तर ६ चौरस मिलिमीटरला ४७ अँपिअरपर्यंत चालते. तीच केबल माळ्यावरील इन्सुलेशनच्या जाड थराखाली दबलेली असेल, तर तिची क्षमता २७ अँपिअरवर येते. १० चौरस मिलिमीटरच्या केबलसाठी हेच आकडे ६४ आणि ३६ आहेत. मेधा, तुझे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, आणि येथे माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीची इन्सुलेशनची लोकर अंथरण्याची शिफारस केली जाते. थंडी अडवण्यासाठी पुढे कोणी लोकर वाढवली असेल, तर मूळ ८.५ किलोवॉटसाठी योग्य असलेली केबलही आज अपुरी ठरत असेल. म्हणून केबल कोणत्या मार्गाने गेली आहे हे पाहिल्याशिवाय मोठा शॉवर बसवणे मला मुळीच मान्य नाही. पाण्याच्या उष्णतेचे म्हणशील, तर ८.५ किलोवॉटचा चांगला शॉवर हिवाळ्यात धार थोडी कमी ठेवून व्यवस्थित चालतो.

शुभांगीमावशी (ठाणे) : हे सर्व वाचून काळजी वाटली. आशिष, सरकार तिथे अशा कामावर काही देखरेख ठेवत नाही का? कोणीही येऊन शॉवर बसवून जातो की काय?

आशिष : मावशी, देखरेख आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतील 'पार्ट पी' २००५ पासून लागू आहे. नवीन सर्किट टाकणे, फ्यूज बोर्ड बदलणे किंवा शॉवरच्या जवळच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात वायरिंगची भर घालणे अथवा त्यात बदल करणे, ही कामे एक तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने करून स्वतः कळवावी लागतात किंवा आधी कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, बांधकाम विभागाला कळवावी लागतात. जशाच्या तशा वस्तूची अदलाबदल मात्र कळवावी लागत नाही, आणि याच सवलतीच्या आडून पुष्कळदा मोठा शॉवर जुन्या केबलवर चढवला जातो. कळवण्याची गरज नसली तरी काम सुरक्षित असण्याची अट सुटत नाही. वायरिंगच्या बीएस ७६७१ या मानकानुसार बाथरूममधील सर्किटना ३० मिलिअँपिअरचे आरसीडी संरक्षण असावे लागते. नवे काम झाले की मेधाने प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी.

गौरी (रेडिंग) : मी भाडेकरूंना सल्ला देणाऱ्या केंद्रात काम करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते. मेधा, एजंटने सांगितलेले कलम करारात असले तरी ते येथे टिकणार नाही. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टच्या कलम ११ नुसार सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात वीजपुरवठ्याची, पाणी तापवण्याची आणि अंघोळीची सोय दुरुस्त व चालू स्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि कलम १२ नुसार ती करारातील कलमाने भाडेकरूवर ढकलता येत नाही. तू निष्काळजीपणे एखादी वस्तू मोडली असतीस तर गोष्ट वेगळी होती; वापराने सैल झालेला स्विच त्यात बसत नाही.

त्याखेरीज इंग्लंडमधील खासगी भाड्याच्या घरांसाठी २०२० पासून स्वतंत्र विद्युत सुरक्षा नियम आहेत. निदान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून वायरिंगची तपासणी करून घेणे आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्यापूर्वी अहवालाची प्रत देणे घरमालकाला बंधनकारक आहे. अहवालात सी-१ म्हणजे तत्काळ धोका, सी-२ म्हणजे संभाव्य धोका किंवा 'एफआय' म्हणजे पुढील तपास आवश्यक, असा शेरा असेल तर काम २८ दिवसांत, आणि अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, पूर्ण करावे लागते. तुला ही प्रत मिळाली होती का? मिळाली नसेल तर आजच माग.

काका, भाड्यातून खर्च वजा करण्याचा मार्ग तुम्ही सद्हेतूने सुचवलात, पण मेधाने तो येथे सल्ल्याशिवाय अवलंबू नये, असे मला कळकळीने वाटते. न्यायालयांनी तो काही परिस्थितींत मान्य केला असला तरी रीतसर पूर्वसूचना आणि खर्चाची अंदाजपत्रके नसतील, तर ते भाडे थकवल्यासारखे दिसते आणि घर सोडण्याच्या नोटिशीला निमित्त मिळते. त्याऐवजी लेखी तक्रार करावी आणि उत्तर न आल्यास कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाकडे जावे. तेथील अधिकारी घराची पाहणी करून मालकावर कारवाई करू शकतात. माझ्या पाहण्यात सर्वाधिक तक्रारी अडतात त्या केवळ फोनवर बोलणे झाल्यामुळे, कारण घरमालकाची जबाबदारी बिघाड त्याला कळल्यापासून सुरू होते आणि तो केव्हा कळला हे नंतर सिद्ध करता येत नाही.

सुहासकाका : गौरी, पटले. माझा भाडे वजा करण्याचा सल्ला मेधाने बाजूला ठेवावा. केबलच्या मार्गाचा मुद्दा आशिषने चांगला दाखवला.

शुभांगीमावशी : आणि तोपर्यंत अंघोळीचे काय?

मेधा : मावशी, बेसिनला गॅस बॉयलरचे गरम पाणी येते, त्यामुळे बादली भरून घेता येईल. ब्रेकर खाली केला आहे. तपासणी अहवाल मला कधीच मिळालेला नाही. एजंटला पाठवायचा मजकूर असा लिहिला आहे, कृपया पाहावा : "शॉवरच्या स्विचच्या झाकणाचा रंग उष्णतेने बदलला असून जळका वास येत असल्याने मी शॉवर वापरणे बंद केले आहे. घरात अंघोळीची दुसरी सोय नाही. १९८५ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार ही दुरुस्ती नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून घरमालकांच्या खर्चाने तातडीने करून घ्यावी. केबलची क्षमता तपासल्याशिवाय अधिक किलोवॉटचा शॉवर बसवण्यास माझी संमती नाही. वायरिंगच्या शेवटच्या तपासणीच्या अहवालाची प्रतही पाठवावी." हा मजकूर इंग्रजीत करून पाठवते.

गौरी : मजकूर उत्तम आहे. त्यात तीन भर घाल : झाकणाची छायाचित्रे, एजंटशी फोनवर बोलणे झाले ती तारीख, आणि इलेक्ट्रिशियनला घरात घेण्यासाठी तुला सोयीच्या वेळा. कायद्याने घरमालकाला पाहणीसाठी निदान २४ तासांची लेखी सूचना द्यावी लागते, पण वेळा तूच आधी कळवल्यास 'भाडेकरू घरी नव्हती' असे सांगायला जागा उरत नाही. ईमेल एजंटबरोबर घरमालकांच्या पत्त्यावरही पाठव.

आशिष : आणि इलेक्ट्रिशियन आला की त्याला माळ्यावर चढून केबल पाहायला सांग. तो नुसता स्विच बदलून निघू लागला तर मला फोन लाव, मी त्याच्याशी बोलतो.