कार्ड म्हणजे नुसता रुबाब नव्हे

"खिशात नोटा असल्या की खर्चावर लगाम राहतो, कार्डवाले नुसते उधळतात," असं एकांनी म्हटलंय. माझ्या बाबतीत नेमकं उलटं होतं. ५०० ची नोट एकदा मोडली की संध्याकाळपर्यंत तिचं काय झालं ते आठवत नाही. वडापाव, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी... हिशेब लागतच नाही. कार्डाचं स्टेटमेंट मात्र सगळं तारीखवार पुढ्यात मांडतं (घरच्यांच्याही, हा तोटाच म्हणा!).

दोन वर्षांपूर्वी दादरच्या पुलावर माझं पाकीट मारलं. आत साडेतीन हजार रोख आणि दोन कार्डं. तिथेच कठड्याला टेकून मोबाइलवरून दोन्ही कार्डं ब्लॉक केली, त्यांतून एक रुपया गेला नाही. रोख गेली ती गेलीच. तेव्हापासून खिशात दोन-तीनशेच्या वर ठेवत नाही. फक्त एक करा: २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय कार्ड नुसतं टेकवून पैसे जातात, ती सोय बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येते. मी बंदच ठेवलीय.

क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदतही पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) तेवढी भरून सुटलो म्हणणाऱ्याला महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं. आमच्या शेजारच्या काकांनी टीव्ही तसाच घेतला, आणि टीव्ही जुना झाला तरी हप्ता काही संपेना.

बाकी भाजीवाल्या मावशींपुढे कार्ड काढू नका. तिथे यूपीआय, नाहीतर चिल्लर.