४ जीबीत डेबियन बसवायचं आहे

प्रश्न (रावेर): केळीच्या ठिबकच्या नोंदी ठेवायला ४ जीबी फ्लॅशचा जुना थिन क्लायंट (छोटा, कमी साठवणीचा संगणक) लावायचाय. नेहमीसारखं डेबियन (लिनक्स) टाकलं तर डेस्कटॉपच सगळी जागा खातो. काय काय काढू?

भुसावळ: भाऊ, काढत बसू नका, टाकूच नका. नेटइन्स्टची आयएसओ (बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इन्स्टॉलर फाइल) घ्या, सॉफ्टवेअर निवडीत डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायला) ठेवा. पुढे प्रत्येक पॅकेज 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारशीची जोड-पॅकेजेस न घेण्याचा पर्याय) लावूनच. नाहीतर नवरदेवामागे वऱ्हाड येतं. शेवटी एपीटी (पॅकेज टाकणारं साधन) क्लीन, म्हणजे उतरवलेल्या पॅकेज फाइली पुसल्या जातात.

धुळे: ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम रूटसाठी (मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी) ५ टक्के जागा राखतं, म्हणजे इथे जवळपास २०० एमबी. ट्यूनटूएफएस कमांडने ती १ टक्क्यावर आणा. शून्य नको, डिस्क भरली की रूटलाही हलता येणार नाही. जर्नलडीत (सिस्टमचे लॉग ठेवणारी सेवा) सिस्टममॅक्सयूज, म्हणजे लॉगची कमाल जागा, ५० एमबी.
इनिटरामएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणारी इमेज) मॉड्यूल्स (ड्रायव्हर) 'मोस्ट'चं, म्हणजे बहुतेक सगळे, 'डेप', म्हणजे याच मशिनला लागणारे, करून इमेज पुन्हा बनवली की ती बरीच लहान होते. पण तीच डिस्क दुसऱ्या मशिनला लावलीत तर डिस्कचा ड्रायव्हरच आत नसू शकतो, मग बूट अडकतं.

रावेर: जुने कर्नल (सिस्टमचा गाभा) बूट फोल्डरमधून हाताने उडवू?

भुसावळ: अजिबात नको, डीपीकेजीला (पॅकेजची नोंद ठेवणारं साधन) पत्ता लागत नाही आणि मॉड्यूल्स तशीच पडून राहतात. नव्या कर्नलवर रीबूट करा, मग एपीटी ऑटोरिमूव्ह, पर्जसकट, म्हणजे नको ती पॅकेजेस सेटिंगसह जातात.