मदत हवी आहे: सिंदखेड राजा पायी आणि सायकलने, दोन दिवसांत कसं बसवावं?

खामगावची_चाकं

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार सिंदखेड राजाला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि सासूबाई. खामगावहून चिखली, देऊळगाव राजा करत कारने येणार, दोन सायकली गाडीत टाकून. एक हायब्रिड आहे: ७०० x ३५ टायर, प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) व्हॉल्व्ह, डिस्क ब्रेक. दुसरी साधी एमटीबी (माउंटन बाइक), २६ x १.९५.

१. काय पायी बघावं आणि कशासाठी सायकल काढावी?
२. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना काय काय झेपेल?
३. तिकडे काट्यांनी टायरची चाळण होते असं ऐकलंय. तयारी काय करू?
४. बारवांमध्ये खाली उतरता येतं का?

राजवाडा बघून परत, असा तासाभराचा दौरा नकोय.

जुनीवीट

तासाभराचा दौरा नको म्हणालात ते बरं केलंत. बहुतेक गाड्या राजवाड्याच्या दरवाज्यापाशी थांबतात, फोटो होतो, गाडी पुढे.

हिशोब सोपा ठेवा: वस्तीतलं सगळं पायी, तलाव आणि पुतळा बारव सायकलने. वस्तीत सायकल नुसती ओझं होते. गल्ल्या अरुंद, दर दोनशे पावलांवर उतरायचं, कुलूप लावायचं, पुन्हा उघडायचं. आणि कुलपाची साखळी स्मारकाच्या जाळीला किंवा खांबाला अडकवू नका. चहावाल्याला विचारून त्याच्या नजरेसमोर ठेवा, कुणी नाही म्हणत नाही.

शनिवारी दुपारी पोचलात तर राजवाड्यापासून सुरुवात करा. नगारखान्याचा दरवाजा रस्त्यावरूनच दिसतो. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, तो आतल्या म्हाळसा महालात झाला. म्हाळसा हे त्यांच्या आईचं नाव. लोक तिथे हात जोडतात आणि निघतात. तुम्ही जरा थांबून बांधकाम बघा. खाली दगड, वर वीट आणि चुना. डागडुजी कुठे झाली ते सांध्यांवरून कळतं: जुन्या भागात दोन विटांमधला चुन्याचा थर चांगला बोटभर जाड असतो, नव्यात तो बारीक आणि एकसारखा.

तिथून रंगमहाल, मग काळा कोट. काळ्या कोटात बघायची ती भिंतींची जाडी. त्यावर चढायच्या फंदात पडू नका, वरचे दगड सुटे असतात. साकरवाडा वाटेत होऊन जातो.

लखुजीराव जाधवांच्या समाधीला मात्र सकाळचा पूर्ण तास द्या. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांची मुलं आणि नातू मारले गेले, त्यांची ही समाधी. आकाराने एवढी मोठी समाधी महाराष्ट्रात क्वचितच बघायला मिळते. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला याच परिसरातल्या खोदकामात शेषशायी विष्णूची १.७० मीटर लांबीची मूर्ती सापडली. त्याआधी तिथे एका शिवमंदिराचा पायाही लागला होता. म्हणजे समाधीखालची जमीन समाधीपेक्षा कितीतरी जुनी आहे, हे मनात ठेवून रामेश्वर आणि नीलकंठेश्वर ही दोन्ही मंदिरं बघा. गावाचा काळ एकदम सहासातशे वर्षं मागे सरकतो.

सासूबाईंसाठी राजवाड्याचं अंगण, समाधी आणि नीलकंठेश्वर. गाडी जवळपर्यंत जाते. काळा कोट आणि बारवा त्यांना नकोत.

पऱ्हाटी

काट्यांचं मी सांगतो, ताई. इकडे तीन शत्रू आहेत आणि तिन्ही वेगळे.

पहिला सराटा. रस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या शेतात, मंदिराच्या आवारात. काटा छोटा पण कसाही पडला तरी एक टोक वर. गाडी बाजूला घेताना डांबर सोडून मातीत चाक घातलं की आठ-दहा एकदम घुसतात.

दुसरा बाभळीचा. लांब आणि कडक. कुपाटीसाठी, म्हणजे कुंपणासाठी, तोडलेल्या फांद्या बैलगाडीतून नेताना पांदणीत सांडतात. हा टायर आरपार करून ट्यूबला दोन भोकं पाडतो. एकच बुजवून लोक हवा भरतात आणि मंग डोक्याला हात लावतात.

तिसरा कोणी सांगत नाही: धसकट. सोयाबीन निघालं की बुंध्याचे तिरपे खुंट उरतात, तुरीचे तर त्याहून कडक. टायरची बाजू फाडतात. बाजू फाटली की पॅच कामाचा नाही. म्हणून शेतातून आडवं घालायचं नाही, कितीही जवळ दिसलं तरी.

तयारी अशी करा:

दोन्ही ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. २६ इंचीत १२० मिली, ७०० x ३५ मध्ये ७० ते ९० मिली. प्रेस्टाचा कोअर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला भाग, सुटणारा आहे का ते आधी बघा. व्हॉल्व्हच्या माथ्याखाली दोन चपट्या बाजू दिसल्या तर सुटतो. नसेल तर सीलंट भरता येत नाही, ट्यूबच बदला.

हवा कमी ठेवू नका आणि टणकही नको. ६०-७० किलोच्या माणसाला ७०० x ३५ मध्ये ५० ते ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), एमटीबीत ३५ ते ४०.

हायब्रिडची जादा ट्यूब घरूनच आणा, दोन आणा. गावात ७०० ची ट्यूब मिळेल या भरवशावर येऊ नका. पंक्चरची दुकानं मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवर चालतात. त्यांच्या पाइपाला प्रेस्टा बसत नाही, दहावीस रुपयांचा पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असू द्या. आणि कॉम्प्रेसरने हवा भरताना "थोडी थोडी सोडा भाऊ" म्हणून टायरवर अंगठा ठेवून उभे राहा. त्या टाकीत ट्रॅक्टरच्या हिशोबाने दाब असतो. दोन सेकंद जास्त झाले की सायकलची ट्यूब फटकन जाते.

पंक्चर काढताना काटा टायरमध्येच असतो हे विसरू नका. टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको, बोट फाटते. फडकं जिथे अडकलं तिथे काटा. तो चिमट्याने आतल्या बाजूने ओढा. ट्यूब पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या, तीन-चार मिनिटं वाळू द्या, हात लावला की चिकटायला नको, मंगच पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच उन्हात हमखास उचलतो.

खामगावची_चाकं

धसकटाचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद दादा. कोअर बघितला, सुटणारा आहे.

गाडीत सायकल टाकताना हायब्रिडचे ब्रेक मागच्या वेळी घासायला लागले होते. ते कशामुळे? आणि तलावांचा रस्ता कसा आहे? एका दिवसात देऊळगाव राजा पण जोडता येईल का?

स्पोक३२

ब्रेक: चाक काढल्यावर कुणीतरी लिव्हर दाबला असणार. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर मध्ये डिस्क नसताना पॅड एकमेकांकडे सरकतात आणि तिथेच राहतात. चाक काढल्या काढल्या पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून रबराने बांधा. डिस्कची बाजू वर ठेवा, वर सामान नको, डिस्क वाकली तर घासणं थांबणार नाही. पेडल काढणार असाल तर डाव्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. पाना १५ नंबरचा.

रस्ता: मोती तलाव आणि चांदणी तलाव रविवारी सकाळी घ्या. मोती तलावाचा बांध म्हणजे मातीची पाळ नाही, समोरून किल्ल्याचा तट वाटावा असं बांधकाम आहे. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पाणी किती आहे त्यावर ती कशी दिसते ते ठरतं. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत लोणी असतो, सायकल त्यात घालू नका.

देऊळगाव राजा साधारण १५ किलोमीटर. घाट नाही, लांबलचक चढउतार आहेत. जाऊन-येऊन अडीच तास धरा, शिवाय बालाजी मंदिरासाठी वेळ. पण तुमचा परतीचा रस्ताच तिकडून आहे. मग सायकलवर दोनदा कशाला? एकाने सायकलवर पुढे निघावं, दुसऱ्याने सासूबाईंना घेऊन गाडीने मंदिरापाशी गाठावं.

डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो, साडेचारनंतर मोठ्या रस्त्यावर निघू नका. जालन्याकडून सळईचे ट्रक येतात, मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला आणि सायकलला बंदी आहे, मॅप तिकडे वळवायला लागला तर ऐकू नका.

जुनीवीट

एक दुरुस्ती. चांदणी तलाव सकाळी ठीक, पण आठवड्यात पाऊस झाला असेल तर सोडाच. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक जागेवर थांबतं. ढकलूनही पुढे जात नाही, खांद्यावर घ्यावी लागते. अवकाळीनंतर पांदणीला दोन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय चाक घालायचं नाही. मडगार्ड घरीच काढून ठेवलेत तर उत्तम.

आता बारवा. पुतळा बारव नावाप्रमाणेच आहे, दगडात कोरलेल्या मूर्ती भरपूर. तिच्यासाठी अकरा ते साडेबाराची वेळ ठेवा. मंदिराच्या भिंतीवरची शिल्पं तिरप्या उन्हात खुलतात, बारवेचं उलट: सूर्य वर आल्याशिवाय खालच्या टप्प्यांवर उजेडच पोचत नाही. बरेच जण इथेच चुकतात, सकाळी सात वाजता जाऊन काळा खड्डा बघून येतात. मॅपवर शोधत बसू नका, रस्त्यात म्हाताऱ्या माणसाला "पुतळा बारव कुठं हो?" एवढं विचारा. सजना बारवही बघा, गावाच्या जुन्या पाणीव्यवस्थेचा तो भाग आहे.

उतरता येतं, पण पाण्यालगतच्या तीन-चार पायऱ्या सोडून. त्या बाहेरून कोरड्या दिसतात, त्यांच्यावर वाळलेलं शेवाळ असतं. ओला बूट पडला की ते साबण होतं. क्लीट (पेडलमध्ये अडकणारा टणक तुकडा) असलेले सायकलचे बूट घालून तर एकही पायरी नाही. कोनाड्यात हात घालण्याआधी टॉर्च मारा.

पऱ्हाटी

आणि आधी वर बघा. कमानीखाली काळं, पोत्यासारखं लोंबतं दिसलं तर ते आग्या मोहोळ. अंगाला अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, गुपचूप मागे फिरायचं. उठलंच तर तोंड झाकून पळा, गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोंगावत राहतात.

खामगावची_चाकं

मग असं ठरवते: शनिवारी दुपारी राजवाडा, रंगमहाल, काळा कोट पायी. रविवारी सात ते आठ समाधी, मग मोती आणि चांदणी तलाव सायकलने, अकराला पुतळा बारव. एकच्या आत निघून देऊळगाव राजा. जानेवारीत नणंद येणार आहे, तेव्हा पुन्हा जमलं तर?

स्पोक३२

जमेल, पण १२ तारखेच्या आगेमागे नको. जिजाऊ जयंतीला लाखोंनी लोक येतात. त्या दिवशी दर्शनाला या, गाव बघायला नाही. महिनाअखेरीस या. तोवर तुरी निघालेल्या असतील, म्हणजे पऱ्हाटीभाऊंची ती कडक धसकटं. तेव्हा जादा ट्यूब तीन.