मदत हवी आहे : केदारताल ट्रेकमध्ये जादा मुक्काम कुठे करावा?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस आम्ही चौघे (वय ३८ ते ५२) मुंबईहून रेल्वेने हरिद्वार आणि पुढे गाडीने गंगोत्री असे जाणार आहोत; तिथून चालत केदारताल या उंचावरच्या तलावापर्यंत. हाताशी एकूण दहा दिवस. सोबत स्थानिक गाइड आणि पोर्टर असतील. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो हे माहीत आहे, त्याची सोय तेच करणार आहेत.

अडचण उंचीची आहे. गंगोत्री साधारण ३१०० मीटरवर, वाटेतला पहिला मुक्काम भोजखरक ३८०० च्या आसपास, म्हणजे पहिल्याच दिवशी थेट ७०० मीटर चढ. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशेपेक्षा जास्त वाढवू नये, असं सगळीकडे सांगतात. कळसूबाई आम्ही दर महिन्याला करतो, दम टिकतो. पण ते शिखरच १६४६ मीटरचं, त्यामुळे विरळ हवेचा सराव त्यातून होत नाही. मागच्या वर्षी हिमाचलात आमच्यातल्या एकीला ३७०० वर रात्रभर डोकं दुखलं, उलट्या झाल्या. खाली उतरल्यावरच बरं वाटलं. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालंय.

गंगोत्रीत दोन रात्री धरल्यात. तलावाकाठी राहायचं नाही; भोजखरकच्या पुढचा मुक्काम केदारखरक, तिथून पहाटे निघून, थलय सागर शिखर आणि त्याखालची हिमनदी डोळे भरून पाहून त्याच दिवशी परत. गोमुख-तपोवनचा पर्याय पाहिला, पण मन केदारतालवरच आहे.

एकच जादा दिवस उरतो. ज्यांनी ही वाट केलीय त्यांनी सांगा : तो भोजखरकला घालवावा, केदारखरकला, की गंगोत्रीतच तिसरी रात्र काढावी?