सीपीएसएस आयुष्यात एकदाच, मग पोरांना ‘तयारी करू नका’ कसं सांगता?

फोंड्याचे मास्तर:
हवाई दलात वैमानिक निवडताना सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी होते. तिच्याबद्दल काल आकाशवेडा यांनी इथे लिहिलं: ‘सीपीएसएस ही अभिक्षमतेची चाचणी आहे. ती अंगात असते, नाहीतर नसते. तयारी करणारा स्वतःलाच फसवतो. गोव्यातल्या पालकांनी पुण्याच्या क्लासवाल्यांच्या घशात पैसे घालू नयेत. मुलाने भरपूर झोप काढावी आणि जाऊन बसावं.’ खाली बऱ्याच पालकांनी माना डोलावल्या. ते वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहितोय. मी बारावीला गणित शिकवतो आणि माझे विद्यार्थी एनडीएला, एएफकॅटला, म्हणजे सैन्यदलात आणि हवाई दलात अधिकारी होण्याच्या परीक्षांना बसतात.

आधी नियम बघा. सीपीएसएसमध्ये किंवा तिच्या जागी पूर्वी असलेल्या पीएबीटी चाचणीत नापास झालेला उमेदवार फ्लाइंग शाखेसाठी, म्हणजे वैमानिक व्हायला, कायमचा अपात्र. एएफकॅटच्या जाहिरातीत हे छापलेलं असतं. लेखी परीक्षा पुन्हा देता येते. मुलाखती घेणाऱ्या निवड बोर्डावरून चार-चारदा परत आलेली मुलं पुढे अधिकारी झालेली आहेत. या चाचणीला मात्र दुसरी फेरी नाही. म्हणजे जी एकदाच होणार, नेमकी तिचीच तयारी करू नका असा हा सल्ला!

आता तिथे काय करायला लावतात? एका भागात विमानाच्या डायल वाचायच्या. उंची, वेग, दिशा, कृत्रिम क्षितिज. विमान चढतंय की उतरतंय, कुठल्या अंगाला कललंय हे झटपट सांगायचं. दुसऱ्या भागात यंत्रासमोर बसायचं. हातात स्टिक, पायाखाली रडर पेडल, पडद्यावर पळणारा ठिपका मधल्या चौकटीत धरून ठेवायचा. ते चालू असतानाच दिवे लागतात, आवाज येतात, त्यांनाही उत्तर द्यायचं.

अल्टिमीटरचंच, म्हणजे उंचीच्या डायलचंच घ्या. लांब काटा (शेकडा फुटांचा) नवावर आहे आणि छोटा काटा (हजारांचा) तीनच्या अगदी अलीकडे. वर्गात पहिल्यांदा दाखवलं की हुशारातली हुशार मुलं 3,900 फूट सांगतात. बरोबर उत्तर 2,900. छोटा काटा अजून तीनला पोचलेलाच नसतो. हे रक्तात असत नाही. आठवडाभर पुठ्ठ्याची डायल फिरवली की जमतं. एवढ्यासाठी एखाद्या पोराचं विमान कायमचं हुकावं, हे मला मान्य नाही.

आकाशवेडा:
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी ऐकीव लिहीत नाही. मी स्वतः म्हैसूरच्या बोर्डावर बसून आलोय. रेकमेंड झालो, म्हणजे बोर्डाने पसंत केलं, आणि सीपीएसएसला गेलो. त्याआधी एका क्लासला वडिलांनी भरलेले पैसे आईच्या पाटल्या मोडून आले होते. क्लासमध्ये ‘हुबेहूब तेच यंत्र’ म्हणून जे दाखवलं, ते गेम खेळायचं स्प्रिंगवालं जॉयस्टिक होतं. सोडलं की आपोआप मध्ये येणारं. हाताला तीच सवय लागली. तिथली स्टिक वेगळी, तिचा वेग वेगळा. ठिपका एका बाजूला गेला की मी झटका द्यायचो आणि तो चौकटीच्या पार दुसऱ्या बाजूला. डोक्याला कळत होतं, हात ऐकत नव्हता. कोऱ्या हाताने गेलो असतो तर निदान तिथल्या तिथे शिकलो असतो.

मी लिहिलं ते पुढच्या पोराच्या आईच्या पाटल्या वाचाव्यात म्हणून. डॉ. कलामांनाही डेहराडूनला पंचवीस जणांत नववा नंबर मिळाला आणि आठच घेतले. ते काय तयारीत कमी पडले होते?

फोंड्याचे मास्तर:
कलामांचं उदाहरण इथे लागू होत नाही. ते अभिक्षमता चाचणीत नापास झाले नव्हते. जागा आठ होत्या आणि ते नववे होते. उलट ही संगणकावरची निवडपद्धत आणावी ही कल्पना त्यांचीच, आणि डीआरडीओने ती इथेच तयार केली. निवड अधिक नेमकी व्हावी हा त्यामागचा हेतू.

तुमच्यावर जे बेतलं त्याचं वाईट वाटतं. पण त्यातून ‘वाईट तयारी नको’ एवढंच निघतं. ‘तयारीच नको’ हे कुठून आलं?

चिखलीचे काका:
मास्तर, मी नौदलात विमानांच्या देखभालीत होतो, दाबोळीहूनच निवृत्त झालो. थोडं माझंही ऐका.

विमान उडवायला अकादमी शिकवते. बोर्डाला एवढंच बघायचं असतं की नवीन गोष्ट समोर टाकली की तुझे हात-पाय-डोळे किती लवकर जुळतात. दाबोळीच्या हंसा या नौदल तळावर, विक्रांत या विमानवाहू नौकेच्या वैमानिकांना सरावासाठी स्की-जंप, म्हणजे टोकाला वर वळलेली धावपट्टी, बांधलेली आहे. मिग-29के हे लढाऊ विमान त्यावरून वर फेकलं जातं, तेव्हा पाठांतर केलेलं किती कामाला येतं ते मी जवळून बघितलंय. चुकीच्या माणसाला तिथवर पोचू देणं म्हणजे त्याच्याच जिवाशी खेळ. चाळणी बारीक आहे ती त्याच्या भल्यासाठी.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. हंसा 1964 पासून दाबोळीला आहे. साठ वर्षं लढाऊ विमानं आमच्या कौलांवरून जातात. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सी हॅरियर हाताच्या अंतरावर उभं आहे. तिथे येतो कोण? पर्यटक. आणि गोंयकारांची पोरं? ती पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवायला लिस्बनला जन्मनोंदणी करायच्या रांगेत. घरातल्यांनीच विमानतळाचा अर्थ ‘इथून बाहेर जायचं’ असा शिकवल्यावर सीपीएसएसच्या तयारीवर वाद कशाला घालता?

स्विंडनकर:
काका, वयाने मोठे आहात म्हणून सांभाळून लिहितो. रांगेतली पोरं म्हणालात ना, त्यातला मी एक. डिचोलीचा. 2012 ला खाणी बंद झाल्या, घरचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. 2018 ला पुन्हा बंद. तेव्हा देशभक्ती शिकवायला कोण आलं होतं दारात? आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, तिकडच्या कायद्याने हक्क होता, तो वापरला. त्या पासपोर्टवर इंग्लंडला येऊन गोदामात रात्रपाळी करून बहिणीचं शिक्षण केलं. तुमचं पेन्शन दर महिन्याला येतं, म्हणून तुम्हाला ही चैन परवडते.

चिखलीचे काका:
पेन्शन फुकट मिळालेलं नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये दाबोळीवर नौदलाची दोन आयएल-38 विमानं हवेत एकमेकांवर आदळली, त्या सकाळी मी ड्युटीवर होतो. विमानांतले बाराही जण गेले. पेन्शनचं नाव काढण्याआधी जरा विचार करायचा.

पोटासाठी गेलास, जा. माझा आक्षेप आहे तो पोरांच्या वतीने परस्पर निर्णय घेणाऱ्यांवर. माझ्या नात्यातलंच सांगतो. मुलगा दहावीत असताना बापाने स्वतःबरोबर दोन्ही मुलांचीही तिकडे नोंद करायला कागद दिले. बारावीला पोराने एनडीएचा फॉर्म घेतला. ‘भारताचा नागरिक’ या रकान्यापाशी थांबला आणि बापाला विचारलं, मी काय लिहू? बाप वकिलाकडे पळाला. एक वकील म्हणाला नुसत्या नोंदणीने काही होत नाही, दुसरा म्हणाला खोटं लिहिलं असं ठरेल. गोव्यात हा वाद आमदारकीपर्यंत गेलेला सगळ्यांनी बघितलाय. त्या पोराचं काय ते ठरेपर्यंत एनडीएची साडेएकोणीसची वयोमर्यादा उलटली. उंच, शांत, चांगल्या डोळ्यांचा पोर. आज परदेशात सामान पॅक करतोय.

म्हापशेकरीण:
काका, हे आमच्या वाड्यावरही झालंय, फक्त ती मुलगी होती आणि तिला नेव्हीत जायचं होतं. आईवडिलांनी तिला कल्पनासुद्धा दिली नव्हती.

स्विंडनकर:
प्रत्येक घरात असंच होतं असं नाही. माझ्या धाकट्या भावाने नोंद केली नाही, स्वतःच नको म्हणाला, आणि कोणी जबरदस्ती केली नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडचा रस्ता तसाही पूर्वीसारखा उरला नाही.

एवढं मात्र मान्य, काका: अठराच्या आतल्या मुलाच्या नावाने असा कागद जाऊ नये. त्याला कळायला लागल्यावर त्याने ठरवावं. बाकी तुमचा सूर मला पटलेला नाही आणि पटणारही नाही. दाबोळीजवळ जन्मलेल्याने वैमानिक झालंच पाहिजे असा काही नियम नाही.

चिखलीचे काका:
नियम नाही. पण वाट तरी मोकळी ठेवा, एवढंच म्हणतोय. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात स्वखुशीने दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं संपतं. पालकांना हे माहीत असतं, तरी पोराला शेवटी सांगतात.

पेडण्याचा पोर:
मोपाचा विमानतळ आमच्या गावच्या पठारावर झाला. जमीन आमची गेली. तिथे कामाला लागलेल्या मुलांमध्ये वैमानिक व्हायचंय म्हणणारा मला अजून भेटला नाही. जमीन देऊन आम्ही ट्रॉल्या ढकलायच्या का? यावर कोणी बोलत नाही.

आकाशवेडा:
पेडण्याचा प्रश्न खरा आहे, पासपोर्टचाही खरा आहे, पण दोन्हीसाठी वेगळा धागा काढा. इथे सीपीएसएसबद्दल विचारायला आलेली मुलं वाचत असतील.

म्हापशेकरीण:
मी त्यातलीच एक. विचारायला आले होते आणि तासभर लिस्बन वाचत बसले. माझे वडील म्हापशाच्या स्टँडवर मोटारसायकल पायलट आहेत, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी सोडतात. पुण्याच्या क्लासची फी आम्हाला शक्य नाही, त्यामुळे तो वाद माझ्यासाठी मिटलेलाच आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष, बारावीला गणित-फिजिक्स होतं, एएफकॅटचा फॉर्म भरलाय. मला एवढंच सांगा, घरी बसून काय करू?

फोंड्याचे मास्तर:
बाय, सगळ्यात आधी टेप घे. फ्लाइंगला उंची किमान 162.5 सेंमी लागते, आणि उंची पुरली तरी काम संपत नाही. भिंतीला पाठ टेकून बसायचं. बसलेली उंची 81.5 ते 96 सेंमीच्या आत हवी. पाय सरळ पसरून पायाची लांबी 99 ते 120, आणि मांडीची लांबी 64 च्या वर नको. कॉकपिटमध्ये पेडलपर्यंत पाय पोचला पाहिजे आणि इजेक्ट होताना गुडघा आपटता कामा नये, म्हणून ही मापं. माझ्या एका विद्यार्थ्याला हे बोर्डावरून आल्यावर, मेडिकलला कळलं. पायात थोडक्यात कमी पडला. त्याआधी क्लासवर झालेला खर्च कोणी परत दिला नाही.

माप बसलं की डायलचा सराव. पुठ्ठ्यावर अल्टिमीटर काढ, घरातल्या कुणाला तरी काटे लावायला सांग. कृत्रिम क्षितिजात पोरं हमखास चुकतात: आतली रेघ उजवीकडे खाली झुकलेली दिसली की विमान उजवीकडे कललंय म्हणतात. खरं तर ते डावीकडे कललेलं असतं. क्षितिज जागेवरच असतं, कलतो आपण. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर फुकट आहे, कॉलेजच्या संगणकावरही चालेल. त्यात बाहेरचं दृश्य झाकून नुसत्या डायलवर विमान सरळ ठेवायचा प्रयत्न कर.

आकाशवेडा:
आणि स्टिकचं? तिथेच तर हात बिघडतो. मास्तर, तुम्ही डायलवर जिंकलात, मी ते नाकारत नाही. डायल शिकता येते. पण ठिपक्याच्या भागाबद्दल माझं मत तेच आहे.

फोंड्याचे मास्तर:
तुमचं मत तुमच्या अनुभवातून आलंय, म्हणून त्याला वजन आहे. पण अमेरिकेच्या हवाई दलाकडे बघा. वैमानिक निवडताना ते पीसीएसएम नावाचा गुणांक काढतात. त्यात लेखी आणि यंत्रावरच्या चाचणीबरोबर उमेदवाराने आधी विमान किती तास उडवलंय तेही धरतात. आधीच्या सरावाने हात तयार होत नाही असं त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी तासांना गुण दिले नसते. सवय लागते हे तुम्हीच सांगताय. मग चांगलीही लागू शकते.

चिखलीचे काका:
मध्ये बोलतो. दोघेही एका गोष्टीवर येत नाही आहात. आकाशवेडाने झटका दिला, कारण त्याला एकाच स्टिकची सवय लावली. पोरांना दोन-तीन वेगवेगळ्या वस्तूंवर बसवा. एकदा जॉयस्टिक, एकदा माउस, एकदा मोबाइल तिरका करून. हाताने प्रत्येक वेळी नव्याने अंदाज घ्यायला शिकायला हवा. थोडं हलव, थांब, बघ, मग पुढचं. आमच्याकडे नवीन वैमानिकांना प्रशिक्षक हेच सांगत असत, स्टिकवर मूठ आवळू नको, बोटांनी धर. आणि पेडल: उजवा पाय दाबला की नाक उजवीकडे. लहानपणी पायाने दांडा ढकलून वळवायचा गाडा चालवलेली पोरं उलट करतात, कारण गाड्याचा दांडा उजव्या पायाने ढकलला की गाडा डावीकडे जातो. हे आधी कळलेलं बरं.

मास्तर, तुमच्या बाजूने बोललो असं समजू नका. क्लासला माझा विरोध कायम आहे.

फोंड्याचे मास्तर:
क्लासची बाजू मी एकदाही घेतलेली नाही, काका. वर वाचा.

आकाशवेडा:
ठीक. ‘तयारी करू नका’ हे वाक्य माझ्या पोस्टमधून काढतो आणि ‘तयारीला पैसे देऊ नका’ असं लिहितो. झोपेचं मात्र ठेवणार. बोर्डावर शेवटच्या दिवसापर्यंत मुलं इतकी थकलेली असतात की कॉन्फरन्सनंतर, म्हणजे बोर्डाच्या शेवटच्या बैठकीनंतर, सीपीएसएसला बसताना डोळे चुरचुरतात. तिथे पाठांतर नाही, झोपच उपयोगी पडते.

म्हापशेकरीण:
वडिलांनी आत्ताच टेप लावली. उंची 164, पाय 101, बसून 86, मांडी 57. काका, तुमच्याकडे जुनी जॉयस्टिक पडून असेल तर मी चिखलीपर्यंत येऊन घेऊन जाईन.

चिखलीचे काका:
नातवाची आहे. रविवारी ये, वडिलांनाही घेऊन ये. पेडलसाठी जुन्या लाकडी फळीला मधोमध खिळा मारून देतो.