मदत हवी आहे: दादाचा एक कान गेला, आता माणूसच गप्प झालाय

मोठा भाऊ, वय 46, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. तीन महिन्यांपूर्वी सकाळी उठला तो डावा कान बंद. मळ असेल म्हणून थेंब घालण्यात चार दिवस गेले (ते अजून डाचतंय). ऑडिओमेट्रीत (ऐकण्याची तपासणी) नसेचा बहिरेपणा निघाला, 80 डेसिबलच्या पुढे, म्हणजे खूपच जास्त. स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली, एमआरआय नॉर्मल. शुगर, बीपी नाही. ऐकू येण्यात फरक शून्य. तेल, काढे कृपया सुचवू नका.

खरा प्रश्न पुढचा आहे. सौद्यात आवाज कुठल्या बाजूने आला ते त्याला कळत नाही, म्हणून कामावर जाणंच टाळतो. लग्नकार्यात कोपरा धरून बसतो. रात्री कानात शिट्टी वाजत राहते, झोप नाही. "एक कान आहे की" असं आम्ही म्हटलं की आणखी चिडतो. मानसोपचार म्हटलं की, "मी काय वेडा आहे का?"

मला आठवड्याला एकदाच सुट्टी मिळते, त्यामुळे पुण्याच्या फेऱ्या जमणार नाहीत.

असं कुणाच्या घरी झालंय का? समुपदेशनाला कसं तयार केलंत? सांगली-मिरजेत कानाच्या रुग्णांशी बोलणारं कुणी आहे का? आणि बंद कानाकडचा आवाज चांगल्या कानात पोचवणारं क्रॉस मशीन गर्दीत खरंच उपयोगी पडतं का?